एकच मारला

उद्धवराव केंजळ्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि तो निघायचा मिनिटांवर. पिंपरीला पंप तयार करणारी एक कंपनी होती, तिथे ते अकरा वर्षं टाइमकीपर होते. सातचा भोंगा झाला की गेटवरच्या यंत्रात घातलेल्या कार्डावर वेळ लाल शाईत उमटे, आणि लाल वेळ म्हणजे उशीर. कोणी सासू वारली म्हणून सांगो, कोणी सायकलची चेन तुटली म्हणून काळे हात दाखवो; उद्धवराव चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "यंत्राला सांगा." कामगार त्यांना पाठीमागे 'लाल शाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

टाइम ऑफिस म्हणजे गेटला चिकटलेली एक खोली. वर सिमेंटचे पत्रे, एक खिडकी मुंबई-पुणे रस्त्याकडे, दुसरी फाउंड्रीकडे. साच्यांच्या मातीत काकवी कालवतात, ती तापली की जळक्या गुळासारखा वास सुटतो; तो वास उद्धवरावांच्या डब्यातल्या पोळीलाही लागायचा. भिंतीवर टोल्यांचं जुनं घड्याळ होतं. दर शनिवारी त्याला किल्ली द्यायची, आणि ती उद्धवरावच देत, दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. भोंगा त्याच घड्याळावर वाजे. नऊशे माणसं त्या घड्याळावर कामाला लागत आणि त्याच घड्याळावर जेवत.

१९७५च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी, सकाळी आठ वाजता, त्या घड्याळाने एकच टोला दिला.

उद्धवराव हजेरी लिहीत होते. उरलेल्या सात टोल्यांसाठी त्यांनी पेन उचलून धरलं. टोले आले नाहीत. लंबक हलत होता, काटे बरोबर आठावर होते.

"घड्याळाला कोणी हात लावला?" ते गेटकडे ओरडले.

गेटवर खंडू रखवालदार होता, रावेतचा, साठीला आलेला, तंबाखूची गोळी गालात धरून बोलणारा. "म्या कशाला लावू, साहेब? मला ते वाचताबी येत न्हाई. टोलं मोजून चालतंय माजं."

नऊलाही एकच टोला पडला. दहालाही एकच. शुक्रवारी चिंचवडचा घड्याळजी येऊन घड्याळ दुकानात घेऊन गेला, पोटातली सगळी चाकं काढून पुसून परत लावली आणि घेऊन आला. म्हणाला, दुकानात नऊला नऊ दिले, दहाला दहा, चाक झकास आहे. भिंतीवर टांगलं आणि अकरा वाजले. एक.

कामगारांना तर पर्वणीच झाली. कंपनीत जेवणाची सुट्टी एक वाजता. "भावा, आपल्याकडं दिवसभर एकच वाजतोय, काढ डबा!" असं कोणीतरी खिडकीखालून ओरडून पळे. उद्धवरावांनी दोघांची नावं वर कळवली. घड्याळाचा राग माणसांवर काढला, असं घरी त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या, तर त्यांच्यावरही काढला.

महिना असाच गेला. मग एकदा ते भोंगा दुरुस्त करणाऱ्यांबरोबर मागच्या आवारात होते, तिथून परतताना गेटवर त्यांनी सहज विचारलं, "खंडू, किती टोले पडले रे?"

"एकच मारला, साहेब."

उद्धवराव होते तिथेच थांबले. हेच दोन शब्द याच खोलीच्या खिडकीत त्यांनी आधी ऐकले होते. गेल्या ऑगस्टमध्ये.

किसन हा निघोज्याचा, फाउंड्रीत फावड्याने माती ओढणारा. त्या दिवशी त्याची लागोपाठ दुसरी शिफ्ट होती. वितळलेल्या लोखंडाचा थेंब उडून त्याचा तळहात भाजला आणि तो मुकादम दौलतरावाकडे दवाखान्याचा गेटपास मागायला गेला. दौलतरावाने पास दिला नाही. वर किसनच्या जातीवरून एक शब्द उच्चारला. बापाने बौद्ध होऊन जो शब्द मागे टाकला होता, तोच. फाउंड्रीकडची खिडकी उघडी होती, उद्धवरावांनीही तो ऐकला. मग एक आवाज आला, ओल्या मातीवर फावडं आदळल्यासारखा. आणि थोड्या वेळाने किसन स्वतःच्या पायांनी चालत खिडकीशी आला.

"साहेब, म्या मुकादमाला मारलं. एकच मारला. लिवून घ्या मागनं. आदी त्येला दवाखान्यात न्या, डोस्क्यातनं रगात येतंय."

उद्धवरावांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. आठला आठ मिनिटं कमी होती. त्यांनी फोन केला, कंपनीची जीप आली, दौलतराव कण्हत कण्हत जीपमध्ये गेला. फावड्याच्या दांड्याचा टोला बसल्यावर तो साच्याच्या लोखंडी पेटीच्या कडेवर पडला होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो इस्पितळात मरण पावला.

पर्सोनेल ऑफिसर यशवंतराव घाम पुसत टाइम ऑफिसात आले. "पोलीस निघालेत. तुमच्याजवळ कबूल केलं ना त्यानं? इंग्रजीत लिहा. नीट."

उद्धवरावांना आपल्या इंग्रजीचा अभिमान होता. मॅट्रिकला त्या विषयात ते शाळेत पहिले आले होते. मुकादम मेलेला होता, तेव्हा 'मारला'चा अर्थ उघड होता. राहिला 'एकच'. 'आय हॅव किल्ड ओन्ली वन,' त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. दवाखान्यात न्या, हे अवांतर म्हणून गाळलं. जातीवरचा तो शब्द कागदावर लिहिण्याजोगा नव्हता, म्हणून तोही गाळला. वेळ लिहिली नऊ चाळीस, कारण कागद पुरा होतो ती कागदाची वेळ, असा त्यांचा नेम होता. किसनला वाचता येत नव्हतं. त्याने भाजलेला हात सांभाळत दुसऱ्या हाताचा अंगठा उठवला.

कोर्टात त्यांना दोनच प्रश्न विचारले गेले. हे अक्षर तुमचं? होय. नोंद बरोबर आहे? "माझ्या नोंदीत चूक नसते," उद्धवराव म्हणाले होते. सरकारने किसनला दिलेला वकील कागद चाळत बसला होता, त्याने काहीच विचारलं नाही.

खंडूचे ते दोन शब्द ऐकले, त्या संध्याकाळी त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यातून फेब्रुवारीचे पेपर उपसले. आतल्या पानावर चार ओळी होत्या. मुकादमाच्या खुनाबद्दल कामगारास फाशी. निकालाचा दिवस मंगळवार. तोच मंगळवार.

योगायोग, असं ते स्वतःशी म्हणाले आणि पेपर परत नीट घडी घालून ठेवला.

पावसाळा संपता संपता हायकोर्टाने फाशी कायम केली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी सरूबाई आली. किसनची बायको. चाकणला कांद्याच्या वखारीत निवडायला जायची, लुगड्याला कांद्याचा उग्र वास होता. तिने पदराच्या गाठीतून एक कागद काढून खिडकीतून आत सरकवला. पुण्याच्या वकील इंदुताईंचं पत्र होतं, मराठीत, सरळ.

'गेल्या वर्षीपासून कायदा बदलला आहे. खुनाला जन्मठेप हा आता नेम आहे. फाशी द्यायची तर न्यायाधीशांना विशेष कारण लिहावे लागते. किसनच्या निकालात असे कारण एकच आहे. आरोपी सांगतो की त्याने एकालाच ठार केले, अर्थात त्याच्या मनात आणखी खून होते आणि पश्चात्तापाचा लवलेशही नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले आहे. किसन म्हणतो, तो टोल्याबद्दल बोलत होता. तो नेमके काय म्हणाला आणि किती वाजता, हे आपण मराठीत प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे. दयेच्या अर्जाला दुसरा आधार नाही.'

उद्धवरावांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी कोर्टात शपथेवर सांगितलंय, बाई. आता फिरवलं तर मला आत टाकतील."

"मग त्ये खरं व्हतं का, साहेब?"

"मी खोटं लिहीत नाही!"

"खोटं न्हाई म्हनत मी. त्येनं टोला म्हनलं, तुमी मानूस लिवलं. यवडंच इचारतीय." ती ओरडत नव्हती, आणि त्याचाच उद्धवरावांना जास्त राग येत होता. "तुमी सोता आईकलं न्हवं?"

वर घड्याळाचा एक टोला पडला. अकरा वाजले होते. सरूबाईने मान वर करून पाहिलं.

"उद्या या," उद्धवराव म्हणाले.

ती उद्या आली. परवा आली. निघोजे ते पिंपरी म्हणजे जवळ नव्हे; वखारीतला दिवस बुडवून यायची, गेटबाहेर उकिडवी बसून राहायची. उद्धवराव यशवंतरावांकडे गेले. यशवंतराव खिडकी लावून घेत म्हणाले, "केंजळे, दिवस आणीबाणीचे आहेत. कोर्टात झालेल्या गोष्टी उकरून काढायच्या, वर मुकादम काय बोलला तेही निघणार, मग युनियन, मग पेपर. मी तुम्हाला नको म्हणत नाही. हेड टाइमकीपरच्या जागेसाठी तुमचं नाव माझ्या टेबलावर आहे, तेवढं फक्त सांगतो."

उद्धवराव परत आले ते धुमसत. घड्याळाने चारला एक टोला दिला आणि त्यांचा तोल सुटला. स्टुलावर चढून त्यांनी घड्याळाचं दार उघडलं, टोला मारणारी पितळी हातोडी स्क्रू काढून सोडवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. खंडू दारातून बघत होता.

"आता मार म्हणावं," उद्धवराव म्हणाले.

पाच वाजता घड्याळ गप्प राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टची कार्डं तपासून झाली होती. उद्धवरावांनी चहाची बशी तोंडाला लावली, आणि टोला पडला. एकच. पण तो घड्याळाचा आवाज नव्हता. पितळेचा झंकार त्यात नव्हता. ओल्या मातीवर फावडं आदळावं तसा तो बद्द आवाज होता, आणि खोलीत काकवीचा जळका वास एकदम दाटला.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठला आठ मिनिटं कमी होती.

खण उघडला. हातोडी कागदात तशीच गुंडाळलेली होती, तिचे काढलेले स्क्रूसुद्धा तिथेच होते.

माणूस हिशेबी होता. पत्रे उन्हाने तापून वाजले असतील, फाउंड्रीत काही आदळलं असेल, हे सगळं त्यांनी धरून पाहिलं. त्यांनी खिशातल्या डायरीत रोजची वेळ लिहायला घेतली. दहा दिवस. दहाही दिवस सात बावन्न. दिवसातून एकदाच आणि त्याच मिनिटाला. रविवारी, फाउंड्री बंद असताना, ते मुद्दाम येऊन बसले. आवार सामसूम होतं. सात बावन्न.

ही वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. कोर्टाच्या कागदात नऊ चाळीस होती. सात बावन्न फक्त त्यांनी पाहिली होती, या खुर्चीवरून, या घड्याळात. सात बावन्नला दौलतराव जिवंत होता, कण्हत होता. जिवंत माणसाला ठार केलं असं किसन कसा म्हणेल? उशिरा येणाऱ्याचं एक मिनिट न सोडणाऱ्या माणसाने, ज्या वेळेवर एकाचा जीव अवलंबून होता नेमकी तीच वेळ खाल्ली होती.

तेव्हा त्यांना राग आला. आजवरचा राग म्हणजे नुसती खाज होती. हा पोटातून आला. त्यांना त्या न्यायाधीशाचा राग आला, ज्याने ज्या भाषेत आपल्या आईला हाका मारल्या त्या भाषेतलं वाक्य मागवून पाहिलं नाही. कागद चाळणाऱ्या वकिलाचा आला, खिडकी लावून घेणाऱ्या यशवंतरावांचा आला. एका माणसाला मारायचं तर विशेष कारण लागतं, आणि ते विशेष कारण काय, तर उद्धव केंजळ्याची मॅट्रिकची इंग्रजी! शरमेने त्यांना टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

त्याच रविवारी, तिथेच बसून, त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं. मराठीत. दौलतरावाचा तो शब्द लिहिला, जसाच्या तसा. दवाखान्यात न्या, हे लिहिलं. एकच मारला, म्हणजे एकच टोला मारला, हे लिहिलं. मी चुकलो, हेही लिहिलं. वेळ घातली सात बावन्न.

सोमवारी सरूबाई आली तेव्हा त्यांनी तिला तो कागद खिडकीतून वाचून दाखवला. तिने पदर तोंडाला लावला.

"आजच चला, साहेब. पुन्याला वकीलबाई हायती. परवा मुलाकात झाली, तवा त्येचं वजन केलं म्हनं, गळ्याचं मापबी घेतलं. तारीख न्हाई सांगत कुनी. पहाटं उरकत्यात आन् मागनं कळवत्यात."

उद्धवरावांच्या समोर महिनाअखेरची नऊशे कार्डं होती. हजेरी आज बंद करून वर पाठवायची होती. अकरा वर्षांत ती एकदाही उशिरा गेली नव्हती.

"उद्या रजा टाकतो. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ, शिक्का तिथंच मारून घेऊ."

"आज न्हाई व्हणार?"

"अहो, एकच दिवस. एका दिवसानं काय होतंय?"

 सरूबाई स्टेशनावर यायचं कबूल करून निघून गेली.

मंगळवारी सकाळी खोलीच्या किल्ल्या देण्यासाठी ते गेटवर आले, तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कोटाच्या आतल्या खिशात कागद होता. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

या कागदावर तरी वेळ पक्की असावी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कागदाचा कोपरा यंत्रात घातला आणि दांडा दाबला.

सहा वीस. लाल.

त्यांनी कागद उजेडात धरला. यंत्र सातनंतरच लाल उमटवतं. त्यांनी रिकामं कार्ड घातलं. काळं उमटलं. पुन्हा कागद घातला.

लाल.

खंडू रात्रपाळी उतरत होता. घोंगडीची घडी खांद्यावर टाकून तो यंत्राशी आला आणि त्याने तंबाखू थुंकून चूळ भरली.

"साहेब, हातुडी परत बशिवली का तुमी?"

"नाही." उद्धवरावांनी खोलीत जाऊन खण ओढून पाहिला. कुलूप होतं. "का?"

"पहाटं वाजलं की घड्याळ. कोंबडं आरवायच्या येळंला." खंडूने तोंड पुसलं. "आन् आज एक न्हाई, साहेब. आज दोन मारले."